साळूबाईचं बी

आमच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. शहागडहून अंबडकडे निघालं की डाव्या हाताला तीन कोसांवर लागतं, एवढं पुरे. ज्या गावानं साळूबाईला पंचवीस वर्षं राबवून घेतलं आणि शेवटी तिला ते तसलं तोंड दाखवलं, त्याचा मोठेपणा मी कशाला सांगू? गाव माझंच आहे, म्हणून बोलायचा हक्कही माझाच.

साळूबाई माझी चुलती. श्रीपतीकाकांशी लग्न होऊन आली आणि दुसऱ्या की तिसऱ्या सुगीला तिनं गावाचं बी हाती घेतलं. म्हणजे काय, ते सांगतो. शाळू काढणीला यायच्या आठ दिवस आधी ती गावातल्या प्रत्येक शेतात फिरायची. कणीस हातात धरायची, दाणा दाताखाली फोडून बघायची, आणि पसंत पडलं तर त्या ताटाला लाल चिंधी बांधायची. चिंधीच्या ताटाला दुसऱ्या कुणी विळा लावायचा नाही असा गावचा रिवाजच पडला. ती कणसं ती स्वतः मोडायची, पेंड्या बांधून आढ्याला टांगायची आणि हस्तात पेरणी आली की घरोघर त्यातलं बी द्यायची. दुष्काळी सालातसुद्धा आमच्या गावात बियासाठी कुणी परगावी गेलं नाही.

दर महिन्याला ती दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवायची. तिसऱ्या दिवशी फडकं सोडून मोड मोजायची. नऊ आले तर ठीक. सात आले तर सगळ्या पेंड्या खाली काढून उन्हात. मुंग्यांसाठी राख, किडीसाठी कडुलिंबाचा पाला, आणि रोज एक नजर. काका वारले त्या महिन्यातही तिचं फडकं चुकलं नाही. त्यावरून भावकीतल्या बायका बरंच काही बोलल्या. तिनं ते कानामागं टाकलं.

त्या काळात आमच्या गावात पुरुषमाणसांची कामं दोन. एक, हुजरेगिरी करणं. दुसरं, पारावर बसून गळा काढणं. कडूबा पाटील पहिल्या कामात पटाईत. तहसीलदार आला की त्याच्या जोड्यावरची धूळ हा स्वतःच्या उपरण्यानं झटकायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय. सरकारच्या सक्तीच्या लेव्हीचं धान्य गोळा करताना सरकारी शिपाई परवडला, असा हा कणग्या ठोकून बघायचा. बाकीचे आम्ही पारावर. "आता काई खरं न्हाई," एक म्हणायचा. "कायचं खरं राह्यतंय," दुसरा म्हणायचा. आणि सगळे माना हलवत तंबाखू मळायचे. साळूबाई पाण्याला जाता जाता थांबायची.

"सुतकात बसल्यावानी काय बसलेत?" ती म्हणायची. "अजून कोनी मेलं न्हाई. बांध फुटलाय वरच्या वावरात, त्यो लिंपा."

आम्ही हसण्यावारी न्यायचो.

अठ्ठेचाळीस सालच्या फाल्गुनात सुगी घरात आली आणि पाठोपाठ रझाकार आले. एकदा आले, धान्य नेलं. दुसऱ्यांदा आले, धान्य नेलं आणि दोघांना चावडीपुढं उघडं करून मारलं. त्या दिवशी गाव खचलं. नगरकडं सरहद्दीपलीकडे छावण्या आहेत असं कळलं होतं. बायकापोरं घेऊन तिकडं जायचं ठरलं. जाण्याआधी प्रत्येकानं आपलं उरलंसुरलं धान्य पेवात टाकलं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली धान्याची खोली. आत कडब्याचं अस्तर लावायचं, वर माती लिंपून तोंड बंद करायचं. "बी पन टाक, काकू," मी साळूबाईला म्हणालो.

"पेवात खायचं ठेवतेत, भुजंगा. बी न्हाई," ती म्हणाली. "आत वाफ धरती. दाना दिसाया चांगला दिसतो, पर मेलेला असतो. तुला येवढं बी ठाऊक न्हाई का?"

ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. कुणब्याच्या लेकराला हे सांगावं लागत नाही. पण भीती अशी बसली होती की ज्यानं त्यानं बियाचं गाठोडंही पेवात ढकललं, घाईघाईत अस्तर न लावता तोंड लिंपलं आणि गाड्या जुंपल्या. साळूबाई आली नाही. तिच्याकडच्या पंचवीस पेंड्या म्हणजे सगळ्या गावाच्या वावरातली निवडलेली कणसं. "याला ऊन कोन दाखवील?" एवढंच म्हणाली. मी दोनदा आग्रह केला आणि तिसऱ्यांदा केला नाही. मलाही जीव प्यारा होता.

कडूबा पाटील अंबडला तहसीलदाराच्या आसऱ्याला गेला. मागं राहिली ती चार म्हातारी माणसं, साळूबाई आणि तिच्या शेजारची जैनाबी पिंजारीण. जैनाबीचा नवरा कापूस पिंजायचा. गावातल्या प्रत्येक गादीत त्या घराचा हात होता. रझाकार आले तेव्हा त्यानं त्यांच्यात जायला नकार दिला, म्हणून त्यालाही दोन काठ्या बसल्या होत्या, आणि पुढं तो भीतीनं जालन्याला मेव्हण्याकडं निघून गेला. जैनाबी घर सोडून गेली नाही.

पुढचं मला फार नंतर कळलं. या दोघींनी बी कुठं लपवावं याचा विचार केला. आढ्यावर तर आंधळ्यालाही सापडलं असतं. मग त्यांनी दोघींच्या घरांमधल्या मोकळ्या जागेत गोवऱ्यांचा उडवा रचला. आमच्याकडे पावसाळ्यासाठी गोवऱ्यांची रास करून तिला वरून शेणानं लिंपतात, तो उडवा. त्याच्या पोटात त्यांनी पोकळी ठेवली. जैनाबीनं घरातला होता नव्हता तेवढा पिंजलेला कापूस आणून आत थर दिला, म्हणजे दमट लागायला नको. त्यात पंचवीस पेंड्या, वर पुन्हा कापूस, वर गोवऱ्या, वर शेण. बाजूला एक पेंडी निघेल एवढं भोक, त्याला गोवरीचंच झाकण.

रझाकार तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी सगळी घरं उपसली. एकानं उडव्यात भाला खुपसला. टोकाला ओलं शेण लागून आलं. नाकाला रुमाल लावून, शिव्या देत त्यानं तो भाला जैनाबीच्या भिंतीला पुसला आणि निघून गेला. साळूबाई ओट्यावर बसून हे बघत होती.

श्रावणात मी एकटाच चोरून गाव बघायला आलो. छावणीत माझी धाकटी मुलगी जुलाबानं गेली होती. गावात कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मी साळूबाईच्या घरात शिरलो, भिंतीला टेकलो आणि म्हणालो, "सगळं संपलं, काकू. आता कायले जगायचं?"

तिनं मुलीचं विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. मग उठली, चुलीजवळचं फडकं आणलं आणि माझ्यापुढं सोडलं. दहा दाणे. नऊंना बोटाच्या पेराएवढे पांढरे मोड.

"बी जितं हाय," ती म्हणाली. "हस्ताला पेराया माघारी या. बाकीच्यायला सांग."

"कुठं ठेवलंस?"

"त्ये न्हाई सांगनार. तुझ्या तोंडाला फडकं न्हाई."

मला राग आला. पण छावणीत परत जाताना वाटेत ते नऊ मोड डोळ्यांपुढून हलेनात. मी सगळ्यांना सांगितलं. पुष्कळजण हसले. काहीजण मात्र त्या दिवसापासून नक्षत्रं मोजू लागले.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि पाच दिवसांत सगळा खेळ आटोपला. आम्ही गावी परतलो. वेशीत आमच्या स्वागताला कोण? कडूबा पाटील. डोक्यावर पांढरी शुभ्र टोपी, हातात झेंडा. सहा महिन्यांपूर्वी रझाकारांना दूध पोचवणारा हाच माणूस आता आम्हाला स्वातंत्र्य समजावून सांगत होता. त्या टोपीवर थुंकावं असं मला वाटलं. थुंकलो नाही. उलट त्याच्या पाठोपाठ ओरडलो, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पेवं उघडली. अस्तर नव्हतं, पावसाचं पाणी आत उतरलं होतं. झाकण निघालं तसा असा दर्प आला की माझ्यासकट चारजण जागेवर ओकले. आत काळा चिखल. खायचं गेलं, बी गेलं. चूक आमची होती, आमच्या घाईची. पण ती कबूल करायला कोण तयार होतं? आम्हाला कुणावर तरी हात टाकायचा होता, आणि ज्यांनी मारलं होतं ते केव्हाच पळाले होते. कडूबा पाटील म्हणाला, "गावात त्यायचं एक घर अजून उभं हाय." त्यानं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

पावसानं छपरं ओली होती, नुसत्या काडीनं पेटली नसती. कुणीतरी म्हणालं, गोवऱ्या आणा. उडवा समोरच होता. लिंपण फोडून आम्ही पाट्या भरल्या. त्यातली एक पाटी माझ्या डोक्यावर होती. जैनाबी दारात उभी होती. त्या उडव्यात काय आहे ते तिला ठाऊक होतं. तरी ती बोलली नाही. आमच्याकडं बघून तिला एवढं कळलं असावं की तिच्या तोंडचं आता काही खरं मानलं जाणार नाही.

साळूबाई ओढ्यावरून धुणं घेऊन आली. धुणं खाली ठेवलं. ती ओरडेल, रडेल असं मला वाटलं. ती सरळ उडव्याशी गेली, भोकात कोपरापर्यंत हात घातला आणि कापसात गुंडाळलेली एक पेंडी बाहेर ओढली. माझ्यापुढं आली आणि ती पेंडी माझ्या डोक्यावरच्या पाटीत ठेवली.

"ही पन जाळ," ती म्हणाली. "चांगली वाळलीया. आनखी चोवीस हायेत आत. तुमच्या समद्यांच्या वावरातली. कापूस जैनाचा हाय, जल्दी पेटंल."

माझ्या कपाळावर कापसाचा एक पुंजका लोंबत होता. मी पाटी खाली ठेवली. मग एकेकानं ठेवली. पेंडीला लाल चिंधी तशीच होती. मच्छिंद्र म्हणून एक आमच्यातला, त्यानं आपल्या वावरातलं कणीस ओळखलं आणि तो तिथंच खाली बसला.

कडूबा पाटील घसा खाकरून म्हणाला, "वैनी, आधी सांगितलं असतं तर येवढं झालंच नसतं. आमी काय बी जाळाया निघाल्तो व्हय?"

साळूबाईनं त्याच्याकडं जसं बघितलं तसं कुणी माझ्याकडं बघू नये.

"न्हाई," ती म्हणाली. "बी न्हाई. मानूस जाळाया निघाल्ते. आन् थांबले कायसाठी? बियासाठी. किळस येती मला तुमची."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही गोवऱ्या पुन्हा रचल्या. एकमेकांकडं न बघता रचल्या.

तिसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना बी न्यायला बोलावलं, पण स्वतःच्या दारात नाही, जैनाबीच्या. जैनाबी सुपातून बी ओतत होती आणि एकेकजण पुढं होऊन धोतराचा सोगा पसरत होता. घरटी एक-दोन एकरांपुरतं आलं. कडूबा पाटीलही आला. टोपी काढून आला. जैनाबीनं त्यालाही तेवढंच सूप ओतलं. माझी पाळी आली तेव्हा तिनं वर पाहिलं नाही. ते मी अजून विसरलो नाही.

नंतर एकदा साळूबाईला मी विचारलं, "आमी येवढे नालायक, तर बी दिलंस कशाला?"

"तुमच्याकडं बघून न्हाई दिलं," ती म्हणाली. "रान पडीक ठिवायचं का मंग?"

ती माझ्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलली. गावातल्या कुणाशीच तिनं फार बोलणं ठेवलं नाही. जैनाबीच्या ओट्यावर मात्र रोज दिसायची.

शाळू उगवला, पोटरीला आला, हुरडा झाला. काढणीच्या आठ दिवस आधी ती चिंध्या घेऊन निघाली. माझ्या शेतात येणार नाही असं मी धरून चाललो होतो. ती आली. तासभर ताटांमधून फिरली. दाणा दाताखाली फोडला, थुंकला, पुन्हा दुसरा फोडला. आणि मग तिनं एका ताटाला चिंधी बांधली. मग दुसऱ्या. मोजून अकरा ताटं. मी बांधावर बसून लहान पोरासारखा रडायला लागलो. मुलीसाठी रडलो नव्हतो तेवढा रडलो.

आठ दिवसांनी ती कणसं मोडायला आली. मला बघून म्हणाली, "रडायचं त्ये मागून रड. आधी ही पेंडी धर." मी पेंडी डोक्यावर घेतली.

"कुठं ठेवू, काकू?"

तिनं विळा कमरेला खोचला.

"जैना कापूस काढून बसलीया," ती म्हणाली. "जागा तुला ठाऊक हाय."