मधातलं चूर्ण
मधात कालवलेल्या कडू चूर्णाचा वास आला की मला गिरगावातली आमची चाळ आठवते. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, खाली दुकानं बंद, नाक्यावर पोलीस, आणि भर दुपारी माझ्या थोरल्या जाऊबाई काही केल्या उठत नव्हत्या. बाळंतपणानंतर त्यांची झोप उडाली होती, एकट्याच बडबडायच्या. थोरल्या दिरांनी डॉक्टरांच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, पण नणंदेच्या लग्नाची बोलणी चाललेली, म्हणून या आजाराबद्दल घरातसुद्धा कुणी बोलत नसे. डॉक्टर शेजारच्याच चाळीतले, धावत आले. नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. "गोळ्यांशिवाय काय देता?" "काही नाही," दीर म्हणाले. पाळण्यात बाळ रडत होतं, त्याला घ्यायचंही कुणाला सुचेना. सासूबाई पदर पिळत उभ्या होत्या. शेवटी त्यांनी फडताळातून वैद्यांची पुडी काढली. "झोप लागावी म्हणून रोज मधातून देत होते." डॉक्टरांनी चिमूटभर जिभेवर ठेवली. "अहो, सर्पगंधा ही! माझ्या गोळ्यापण ह्याच मुळीच्या. एकच औषध दोघं देताय!" दिवेलागणीला जाऊबाईंनी डोळे उघडले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मी हळूच म्हटलं, "दोन्ही घेत होतात, मग सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलं का गं?" आता माझ्या गोळ्या काढताना सून विचारते, "आई, आणखी काय चालू आहे तुमचं?" मी सगळं सांगते, अगदी मधासकट.