आवाजाचा पोत

कॉलेजात मी भूशास्त्र शिकवते. अग्निजन्य खडकांचा पोत समजावताना मुलांना आधी घरातला स्वयंपाकाचा ओटा आठवायला सांगते. ग्रॅनाइटमध्ये पांढरे, गुलाबी, काळे कण वेगवेगळे दिसतात, कारण तो जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, कणांना वाढायला सवड मिळाली. आपला मुंबईचा काळा बेसाल्ट मात्र वर येऊन घाईने निवला. त्यातही कण असतात, पण इतके बारीक की डोळ्यांना नुसता काळा दगड दिसतो. गाण्यालाही पोत असतो, हेही सांगते. एकट्याचं गाणं वेगळं, दहाजणांनी मिळून म्हटलेलं वेगळं. मुलं मान खाली घालून मोबाइल बघत असतात. बघोत बापडी.

गाण्याचं हे मला बाबांमुळे कळलं. लालबागच्या आमच्या चाळीतल्या भजनी मंडळाचे ते बुवा. बुवांनी ओळ म्हणायची, मागे बसलेल्या झीलकऱ्यांनी ती उचलायची. बुवांचा आवाज कुठे अडला, तर ओळ लगेच आपल्या गळ्यावर घ्यायची. बुवांना उघडं पडू द्यायचं नाही, हा मंडळाचा धर्म.

गेल्या वर्षी बाबांच्या घशात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना. इतक्या वर्षांत त्यांचं गाणं रेकॉर्ड करून ठेवायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. घरातलाच आवाज, तो कुठे जाणार? ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मंडळ आमच्या खोलीत जमलं, आणि मी रेकॉर्डिंग चालू करून फोन बाबांच्या पुढ्यात ठेवला.

बाबांनी ओळ धरली आणि पहिलाच सूर फाटला. झीलकऱ्यांनी तो तिथल्या तिथे उचलला. बाबांनी पुन्हा धरली, त्यांनी पुन्हा उचलली. सगळे म्हातारे डोळे पुसत, जीव तोडून गात होते. त्यांना थांबवावं असं माझ्या मनातही आलं नाही. मीही रडत होते.

बाबा घरी आले ते गळ्याला भोक घेऊन. एका दुपारी त्यांनी माझ्या फोनकडे बोट दाखवलं. मी भजन लावलं. टाळ, मृदंग, पेटी, सगळे गळे एकजीव झालेले. थोड्या वेळाने बाबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी कुठे आहे, असं विचारत होते. मी मागे नेलं, पुढे नेलं, फोन कानाला लावला. बेसाल्टचा कण निदान सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा दिसतो. बाबा कुठेच सापडेनात.

तेवढ्यात एका ओळीवर एक आवाज जरा वर आला आणि आई पुढे झाली. "ह्यो काय, तुमचोच आवाज. ऐकाक येता मां?"

तो झीलकऱ्यांतल्या शेजारच्या काकांचा आवाज होता. बाबांनी आईकडे पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली.