गवतातला वण

माझ्या सासूबाई, तोक्तोबूबू, फटकळ बाई. लग्न होऊन आले त्याच दिवशी म्हणाल्या, "हातपाय काड्यांसारखे आहेत, पण डोळे बरे आहेत. मेंढ्या राखायला डोळेच लागतात." मी त्यांना एने म्हणते. सासऱ्यांचं नाव मात्र घेत नाही. आमच्याकडे सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत, तो वारला तरी.

उन्हाळ्यात आम्ही कळप घेऊन वरच्या कुरणावर जातो आणि नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तंबू ठोकतो. तंबू काढला की खाली मेलेल्या गवताचा गोल उरतो, तो वण. त्यावर पुन्हा कुणी तंबू ठोकत नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो असा मिटतो, की कुठे होता हेही सांगता येऊ नये.

सासरे कुरणावरच वारले. रीतीप्रमाणे वेगळा तंबू उभारून त्यांना त्यात ठेवलं, आम्ही बायका हंबरडा फोडून रडलो. पुढच्या वर्षी वर आलो तर सगळीकडे पोटरीभर गवत आणि त्यांच्या त्या तंबूचा तेवढा एकच वण पांढुरका, तसाच. आमच्या तळाचा वडीलधारा असानकुल दाढी कुरवाळत म्हणाला, "जमीन त्याचा शोक करतेय. भाग्यवान आहेस, तोक्तोबूबू."

तेव्हापासून एने रोज सकाळी वाडगाभर कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, त्या वणावर ओतायच्या. नवऱ्याशी जन्मभर भांडलेली ही बाई आता तिथे बसून त्यांच्याशी हळू आवाजात बोलायची. मला त्या जागेची भीती वाटायची. मेंढ्यासुद्धा तिला वळसा घालून जायच्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गवत आणखीच दाट आलं. पण एका सकाळी सगळा उतार पिवळा पडलेला दिसला, आणि दुपारची सर येऊन गेल्यावर पुन्हा हिरवा. काही दिवसांनी परत तेच. मी माझ्या नवऱ्याला, मेदेरला, दाखवलं तर म्हणे, "ऊन-सावलीचा खेळ असेल. तुला कामं कमी आहेत का?" पुरुषांना कळपापुरतं गवत दिसलं की पुढचं काही दिसत नाही.

मग एके सकाळी ओढ्यावर पाण्याला गेले आणि किंचाळलेच. गवतात कुणीतरी निजलं होतं. डोकं, खांदा, दुमडलेला गुडघा, सगळं स्पष्ट दिसत होतं. माणूस मात्र नव्हता.

एने धावत आल्या. वाकून त्या आकारावर हात फिरवला.

"ही मीच आहे," त्या म्हणाल्या. "काल दुपारी शेण वेचून दमले, म्हणून इथे आडवी झाले होते. गवत उठलंच नाही गं."

त्या उठल्या आणि तडक असानकुलच्या तंबूमागे गेल्या. गेल्या वर्षी त्याचा तंबू होता तिथलं उंच गवत हाताने बाजूला केलं. आत वण तसाच होता. शेजारच्यांचाही तसाच. काठच्या गवतात झाकलेले ते गोल कुणी पाहिलेच नव्हते.

"यांच्या घरी कोण मेलं होतं गं?" एनेंनी मला विचारलं. "कुणीच नाही," मी म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी असानकुलला गाठलं. "कळप पलीकडच्या खोऱ्यात हलवू या. आजच."

"त्या दगडधोंड्यांत? हे गवत टाकून?" तो हसला. "आणि नवऱ्याला एकटं सोडून जाशील?"

मेदेरही चिडला. तो आईला आपा म्हणतो. "आपा, लोक तोंडात शेण घालतील. बाबांचा वण सोडून जायचं?"

"तो तुझ्या बाबांचा वण नाही," एने म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "जमिनीला तुझा बाबा कोण ठाऊक? तिच्यात उठायचं त्राण राहिलेलं नाही, एवढंच. मला ते खरं वाटत होतं रे. मला ते खरं असायला हवं होतं."

मेदेर वळला आणि तंबूच्या दोऱ्या सोडू लागला. आम्ही एकट्यांनीच तळ हलवला. "म्हातारीला चळ लागलाय," असं मागून ऐकू आलं.

पुढे नेहमीचा गरम वारा सुटला. दरवर्षी सुटतो, गवत आडवं होतं आणि पुन्हा उभं राहतं. या वेळी उभं राहिलं नाही. असानकुल खिंड ओलांडून आमच्याकडे आला तेव्हा त्याच्यामागे निम्माच कळप होता, तोही हाडांचा सापळा. एनेंनी त्याला चहा दिला. एक टोमणा मारला नाही, हेच मला नवल.

शरद ऋतूत खाली गावाकडे निघालो ते जुन्या कुरणावरूनच. तिथे आता काळे काटे आणि पांढरी माती होती. एरवी बिळाबिळातून शिट्या मारणारे मार्मोटही गप्प होते. एने वाडगा भरून घोड्यावरून उतरल्या. इकडे गेल्या, तिकडे गेल्या, मागे फिरल्या. पण वण शोधायचा कुठे? सगळा उतारच तसा झाला होता.

"कुठे होता गं तो?" त्यांनी विचारलं.

माझे डोळे चांगले, असं त्याच म्हणाल्या होत्या. मी खूप पाहिलं. मलाही सापडला नाही. शेवटी उभ्या होत्या तिथेच त्यांनी कुमिस ओतला.