आईचं काम करणारा

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी कुवेतच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होतो. तिथे एक धिप्पाड नट यायचा. तेव्हा तिथल्या नाटकांत बायकांची कामंही पुरुषच करत. हा आईचं करायचा. दुकानातला काळा बुरखा अंगावर घेऊन आरशापुढे असा गळा काढायचा, की आमची हसून पुरेवाट व्हायची.

एकदा आला आणि नुसताच उभा राहिला. मी बुरखा पुढे केला. म्हटलं, "आज रडणार नाही?"

मोडक्या हिंदीत म्हणाला, "काल आई गेली. कबरीपाशी रडू फुटलं, तेही बाईच्या आवाजात. लोक हसले."

मी बुरखा मागे घेतला.

"तुमच्याकडे पुरुष कसे रडतात?" त्याने विचारलं. "दाखव ना."