रामलिंगच्या रानातली हाळी

मी भूमला एका शाळेत विज्ञान शिकवतो. लिंबू कापून त्यातून ‘रक्त’ काढून दाखवायचं, नारळातून धूर काढायचा आणि मग मुलांना त्यामागचं रसायन समजावून सांगायचं, हे मी दरवर्षी करतो. त्यामुळे इथं लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त वाचायचो, आणि खरं सांगायचं तर थोडं हसायचोही. आज स्वतः लिहायला बसलोय. शाळेतल्या कुणाला सांगायची हिंमत होत नाही... आणि मनात ठेवणं आता जमत नाही.

माझे वडील, आण्णा, आयुष्यभर गावाची गुरं राखत होते. स्वतःची जमीन नावाला. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि तो केवळ त्यांच्यामुळे. माझे पाय शाळेच्या फरशीवर राहावेत म्हणून ते उन्हात अनवाणी फिरले. हे मी कौतुक करून घ्यायला सांगत नाही. त्यांच्या आवाजाबद्दल सांगायचंय, म्हणून सांगतोय.

दिवस कलला की आण्णा माळावरून गुरांना हाळी द्यायचे — “ह्योऽऽऽ घरला... घरला चला रंऽऽ!” ‘घरला’मधला ‘ला’ ते एकदम वर चढवायचे आणि तिथंच तोडायचे. गावात दहा गुराखी असतील, पण ही हाळी ऐकली की आई चुलीपाशीच म्हणायची, “आले तुझे आण्णा.” आणि ते स्वतः नेहमी गुरांच्या मागं चालायचे. पुढं कधीच नाही. मागं राहिलेलं वासरू पुढं घालून सगळ्यात शेवटी ते घरी यायचे.

आई गेली, मी आण्णांना भूमला घेऊन आलो आणि त्यानंतर त्यांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. माझी बायको वैशाली हातानं भरवायची, तर ओठ मिटून घ्यायचे. डोळ्यांतून नुसतं पाणी. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर विझत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या शाळेतल्या एका बाईंची बदली झाली आणि त्यांनी त्यांची छोटी पॉमेरियन कुत्री आम्हाला दिली. रंगानं अगदी बुंदीच्या लाडवासारखी, म्हणून नाव बुंदी. आली ती सरळ आण्णांच्या अंथरुणात जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी वैशालीनं मला हाक मारून दाखवलं — आण्णा डाव्या हातानं भाकरीचा तुकडा बुंदीला देत होते, आणि दुसरा स्वतः खात होते. वैशाली दारात उभी राहून रडली.

पुढं त्यांच्या तोंडून एक आवाज फुटला. “बु...” एवढाच. बुंदीकडं बघून. वाचेचे व्यायाम घेणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या, “सर, एक अक्षर आलंय ना, मग शब्दही येतील. फक्त ती कुत्री सांभाळा.” त्या एका अक्षरावर आमचं घर जगत होतं.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडं येळवस, म्हणजे येळ अमावस्या, मोठा सण. सगळे शेतात जेवतात. या वर्षी वैशाली म्हणाली, आण्णांनी किती दिवसांत रान पाहिलं नाही, आपण येडशीला मावशींकडं जाऊ, येळवस शेतात करू आणि दुसऱ्या दिवशी रामलिंगचं अभयारण्य बघू. शाळेतल्या एका सरांची गाडी मागून घेतली. बुंदीला सोडून आण्णा जेवणार नाहीत, म्हणून तीही बरोबर. थंडी होती, तर वैशालीनं तिला जुन्या लोकरीचं लाल स्वेटर विणलं होतं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिचे यजमान, आमचे काका, बुंदीला बघून पोट धरून हसले. “मास्तर, आमच्याकडचं कुत्रं राखणीला रानात जातं, तुमचं सहलीला आलंय व्हय! आन् स्वेटर? तुझ्या मावशीनं मला आजवर टोपडं विणलं न्हाय.”

मावशी म्हणाली, “तुमी शेपूट हलवा आधी, मग विणते.”

आण्णाही हसले. तोंड वाकडं होतं, पण हसले. त्या दिवशी शेतात त्यांनी सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी खाल्ली, आंबील प्यायले. मला वाटलं, हीच ती सुट्टी, जिची आठवण पुढं काढत राहू. वाटलं ते खरंच झालं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामलिंगला गेलो. फाटकावर सांगितलं की पाळीव कुत्रं आत नेता येणार नाही. नियम बरोबरच होता. रामलिंगाच्या देवळाकडं उतरायला पायऱ्या, आण्णांना त्या झेपणाऱ्या नव्हत्या. म्हणून फाटकाबाहेर एका लिंबाखाली गाडी लावली. आण्णा, बुंदी आणि मावशी गाडीत बसले. मी, वैशाली आणि काका दर्शनाला खाली उतरलो.

वर आलो तर मावशी रस्त्यावर उभी, पदराचं भान नाही.

“दत्ता, बुंदी गेली रं! वांदरांनी घात केला. येळवशीचे बाजरीचे उंडे घेतले व्हते ना, दाजींना भूक लागली म्हणून पिशवी सोडाया दार उघडलं, तर टपून बसलेलं वांदर आलं अंगावर. पिशवी वडली. ही भुकत त्याच्या मागं उडी मारून पळाली... मग बाकीची वांदरं हिच्या मागं लागली. पार खाली, वढ्याकडं. मी लई हाका मारल्या रं.”

गाडीत आण्णा डाव्या हातानं काच बडवत होते. “बु... बु... बु...” थांबतच नव्हते. मी काच खाली करून म्हणालो, “आण्णा, आणतो मी तिला. शब्द देतो.” आजही मला कळत नाही, तो शब्द मी कशाच्या जोरावर दिला.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आमची अवस्था बघून आत जाऊ दिलं. “ओढ्याच्या अल्याड बघा. बिबट्याचा वावर हाय. दिवस मावळायच्या आत बाहेर या, न्हायतर मला तुमाला हुडकावं लागंल.” मी विचारलं, आत कुणी गुराखी आहे का, त्याला दिसली असेल. तो म्हणाला, “हितं चराई बंद हाय, सर. आत आज कुणी न्हाय.”

मावशी आण्णांजवळ थांबली. वैशाली रस्त्यानं विचारत निघाली. मी आणि काका ओढ्यात उतरलो.

सगळीकडं घाणेरी, बोरीची जाळी, वाळलेलं गवत. पायात कुसळं घुसत होती. “बुंदीऽऽ!” म्हणून ओरडून घसा बसला. कधी नुसता वारा, कधी वानराचा खेकसल्यासारखा आवाज. प्रत्येक सळसळीला जीव उडायचा आणि तिथं होला पक्षी नाहीतर सरडा निघायचा. एवढीशी घरातली कुत्री, तिला रान म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. सावल्या लांबत चालल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर तिच्यापेक्षा जास्त आण्णांचे मिटलेले ओठ येत होते.

मग काकांना ते स्वेटर सापडलं. बोरीच्या काट्याला अडकलेलं. एका बाजूनं फाटलेलं, आणि लोकरीवर रक्ताचे दोन-तीन ठिपके.

मी खाली बसलो. काकांनी स्वेटर काट्यातून सोडवलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मास्तर, ऊठ. नाद सोड आता. दाजींना काय सांगायचं ते मी सांगतो.”

“काय सांगणार काका? ते जेवणार नाहीत आता. तुम्हाला माहीत नाही... ते जगणार नाहीत.”

आणि तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून, जिथं दाट रान सुरू होतं तिथून, हाळी आली.

“ह्योऽऽऽ घरला... घरला चला रंऽऽ!”

माझ्या अंगावर काटा आला असं लिहिलं तर खोटं ठरेल. उलट सगळं अंग सैल पडलं, शाळेतून दमून आल्यावर आईनं दप्तर काढून घ्यावं तसं. तो ‘ला’ वर चढला आणि तिथंच तुटला. झटका येण्याआधीचा, भरल्या छातीचा आवाज. मी काकांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“दाजी...” ते पुटपुटले.

मी ‘ओ’ द्यायला तोंड उघडलं आणि काकांनी झडप घालून माझं तोंड दाबलं. “गप! रानात हाक आली तर ओ द्यायची नसती. कुणाच्या बी आवाजात येऊ दे. ओ दिली की ते आपल्या मागं येतं.”

मी त्यांचा हात ओढत होतो, ते सोडत नव्हते. डोळ्यांतून मात्र त्यांच्याही पाणी वाहत होतं.

हाळी पुन्हा आली, जरा जवळून. आणि पलीकडच्या घाणेरीतून बुंदी बाहेर पडली. लंगडत होती, एक कान फाटला होता. पण घाबरलेली अजिबात नव्हती. रमतगमत, वाटेत गवत हुंगत चालत होती. मध्येच थांबून तिनं मागं वळून बघितलं, शेपूट हलवलं, आणि कुणीतरी पुढं घालावं तशी पुन्हा चालू लागली. ती ज्या बाजूला बघत होती तिथं मला काहीच दिसलं नाही. वाळलेलं गवत, आणि त्यावर उतरतीचं ऊन.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बुंदी आमच्याकडं आली ती आण्णांची वाचा गेल्यानंतर. तिनं आण्णांचा तो आवाज कधीच ऐकलेला नव्हता.

मी तिला उचलून छातीशी धरलं. काका म्हणाले, “चल. मागं बघू नको.” आम्ही चढण चढू लागलो. हाळी आणखी एकदा आली. आता ती मागं राहिली होती. कुणीतरी थांबून वाट बघावी, तशी. माझ्या तोंडापर्यंत ‘ओ’ आली होती. काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ निघाला.

वर आलो तर मावशी आण्णांना पदरानं वारा घालत होती. “बरं झालं आलात! दाजींना परत झटका आला वाटतं. काच बडवायचं एकदम थांबले. डोळं मिटलं, मानंच्या शिरा ह्या अशा टरारल्या, थंडीत घामानं भिजले. मला वाटलं, गेलं माणूस.”

“काही बोलले? ओरडले?” मी विचारलं.

“तोंड तरी उघडलं का त्यांनी! दात गच्च आवळलेले. मी हितंच हाय की रं, हात धरून.”

“आन् हाळी? हाळी आयकली का न्हाय तू?” काकांनी विचारलं.

“कसली हाळी?” मावशी म्हणाली. वैशालीनंही रस्त्यावर काही ऐकलं नव्हतं. पहारेकऱ्यानंही नाही.

मी बुंदीला आण्णांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डोळे उघडले, डावा हात तिच्या फाटक्या कानावरून फिरवला. मी वाट बघत होतो, आता ‘बु’ म्हणतील. ते म्हणाले नाहीत.

त्या दिवसापासून आजपर्यंत म्हणाले नाहीत. तेवढं एक अक्षर होतं, तेही गेलं. घशातून साधा हुंकारही येत नाही. नवा झटका असेल म्हणून धाराशिवला नेऊन स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, नवीन काहीच दिसत नाही. वाचेच्या मॅडम पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात आणि मला बघून नजर चुकवतात. आण्णा जेवतात, झोपतात, बुंदीला मांडीवर घेऊन दारात ऊन खात बसतात. वैशाली म्हणते ते समाधानी दिसतात. दिसतात खरे. पण मला त्यांचं तोंड बघवत नाही. एखाद्या घरातला माणूस बाहेर गेला असावा आणि दार नुसतंच लोटलेलं असावं, तसं वाटतं.

मी सगळं तपासून पाहिलंय. ताणाखाली मेंदू ओळखीचे आवाज ऐकवतो, हे मला माहीत आहे. पण मग काकांच्या मेंदूनं तेच, त्याच क्षणी कसं ऐकलं? आणि बुंदीनं? प्रतिध्वनी म्हणावा, तर मूळ आवाज कुणाचा?   ओ देऊ दिली नाही म्हणून काकांवर माझा राग नाही. त्यांना जे लहानपणापासून शिकवलं, तेच त्यांनी माझ्यासाठी केलं.

त्यानंतर मी दोनदा एकटा येडशीला जाऊन आलो. त्याच ओढ्याकाठी, त्याच वेळेला उभा राहिलो. मोठ्यानं ओ दिली. विज्ञानाचा शिक्षक रानात उभा राहून “ओऽ आण्णा” करतोय, हे कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. पण हाळी आली नाही. न आलेल्या हाळीला ओ देऊन काय उपयोग?

म्हणून तुम्हाला विनंती करतोय. तुमच्यापैकी कुणी रामलिंगला गेलं, आणि दिवस कलताना ओढ्याच्या पलीकडून कुणी गुरं घरला बोलावताना ऐकू आलं, तर घाबरून पळू नका. काकांसारखं गप्पही राहू नका. मोठ्यानं ओ द्या, आणि एवढंच सांगा — आण्णा, बुंदी घरी पोचली. आता मागं कुणी राहिलं नाही. तुम्हीही या.