मंगलीने शिकवलेला शब्द

पोंभुर्ण्याच्या बापूजींच्या डोक्यातली गाठ १९५६ साली मद्रासच्या डॉक्टरांनी काढली. घरच्यांना वाटलं, सुटलो एकदाचे. कसले सुटतात! म्हातारा परतला तो उजवं अंग लुळं आणि वाचा गेलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, पाणी चमच्याने पाजा, आणि आधी डोकं उचला, नाहीतर ठसका लागून जीव जाईल. मुलगा गुणवंतराव मान डोलावून आला. सून वच्छला दारातच नाकाला पदर लावायची. म्हणून मंगलीला बोलावलं.

मंगली जवळच्या टोल्यावरची, गोंडांच्या वस्तीतली. झाड पडून कमरेतून मोडलेला नवरा तिने तीन वर्षं अंथरुणात सांभाळला, त्याच्या पाठीवर एक जखम होऊ दिली नाही. बापूजींना ती चांगलीच ओळखत होती. जवानीत जंगलकटाईवर मजुरांना शिव्या घालण्यापुरती गोंडी ते शिकले होते, आणि मंगलीच्या बापाने त्या शिव्या जन्मभर खाल्ल्या. तिला राग नव्हता असं नाही. पण एकदा हात लावलेला माणूस टाकणं तिला जमत नसे.

डोकं उचलताना ती प्रत्येक चमच्याला पुटपुटे, "येर, बापूजी, येर." येर म्हणजे पाणी. चौथ्या महिन्यात एका दुपारी म्हातारा तिच्याकडे बघून म्हणाला, "येर." मंगली आनंदाने रडली. स्वतःच्या पोराच्या पहिल्या बोलालाही ती इतकी रडली नव्हती.

वैशाखात वरोऱ्याचे व्याही भेटीला आले. गुणवंतराव तोऱ्यात म्हणाले, "बापूजी, बोलून दाखवा." म्हाताऱ्याने मंगलीकडे पाहिलं. "येर!"

व्याही पोट धरून हसले. घरची मालगुजारी, गावावरची जमीनदारी, जाऊन पाच वर्षं झाली होती, रुबाब तेवढा उरला होता, तोही गेला.

"माह्या बापाले गोंड करून ठेवलं तुनं!" गुणवंतरावांनी तिला त्याच पावली हाकललं. घरात हुकूम सुटला, बापूजी नीट 'पाणी' म्हणतील तेव्हाच पाणी द्यायचं.

कुंपणाबाहेरून मंगलीला ऐकू येई, "येर... येर..."

"पानीच मांगून राह्यले ते! द्या ना वो बाई!"

"पानी म्हनन तवा भेटन. तू जाय इथून," वच्छला आतून ओरडे.

त्या उन्हात कुत्र्यालाही लोक पाणी ठेवत होते. दुसऱ्या दिवशी आवाज घोगरा झाला, तिसऱ्या दिवशी बंद पडला. गावात सांगितलं गेलं, आपरेशन बाधलं, बापूजी गेले.

अंगणात गर्दी जमली. गुणवंतरावांनी हुंदका देत बापाच्या तोंडात गंगाजल ओतलं. ते गालावरून ओघळलं. मागे उभी असलेली मंगली सवयीने ओरडली, "आधी डोकं उचला ना, ठसका लागन त्यायले!"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. मग दोघांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.