मिस म्हणजे चुकणे

लेक जर्मनीला गेली त्याला आठवडा झाला. सकाळी तिचा मेसेज आला, 'मिस यू, बाबा.' उत्तर काय लिहावं ते सुचेना, म्हणून मी शब्दकोश काढला. मिस या क्रियापदाचा मूळ अर्थ नेम चुकणे. आठवण येणे हा अर्थ त्याला पुढे चिकटला. बस मिस होते, कॅच मिस होतो, मग माणूससुद्धा? मला ते पटेना. मी उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो, पंखा लावला, बंद केला.

"एका जागी बसा ना," पोळ्या लाटता लाटता बायको म्हणाली. मग तिनेच लाटणं बाजूला ठेवलं. "मलाही सकाळपासून नुसतं चुकल्या-चुकल्यासारखं होतंय."

म्हणजे आपल्याकडेही शब्द तोच, चुकणं. लेक निघाली तेव्हा तिच्याशी दोन शब्द बोलायचे सोडून मी बॅगांची वजनं करत बसलो होतो.

मी लिहिलं, 'बाळा, आम्हालाही चुकल्यासारखं होतंय.'

लगेच फोन वाजला. पलीकडून ती बराच वेळ काही बोललीच नाही. पण दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.